फेकण्याआधी मान हलवणारी मुलं

थाळीफेक शिकवून मी पोट भरलं, असं सांगितलं की लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "मग घरी तुमच्याशी भांडायची कुणाची हिंमत होत नसेल?" मीही हसते. माहेर वर्ध्याचं, सासर रायपुरात गुढियारीचं, आणि नोकरी एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून. पोरी मला दीदी म्हणायच्या, बाकी सगळ्यांना मी ढोमणे मॅडम. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात आणि दिवाळीत फराळ करण्यापेक्षा लिहिणं बरं वाटतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की फेकणं म्हणजे ताकद. ताकद लागतेच, पण ती पायात आणि कमरेत लागते, आणि तिथून ती हातापर्यंत वेळेवर पोचावी लागते. हाताचं काम सगळ्यात शेवटी येतं. तो फक्त सोडतो. थाळी बोटावरून नेमकी कधी निघाली हे ज्या दिवशी पोरीला स्वतःला कळतं, त्या दिवशी तिला फेकता येतं. तोवर ती फेकण्याचं सोंग करत असते. पाय जागच्या जागी, कोपर हवं तिथं, फोटो काढला तर पुस्तकात छापावा असा, आणि थाळी जाऊन पडते हापशीपाशी.

याला मी माझ्यापुरते दोन शब्द ठेवले होते. एक ढब आणि दुसरं हाताला कळणं. ढब बघून उचलता येते. हाताला कळणं उचलता येत नाही, ते ज्याचं त्यालाच यावं लागतं. हे वाक्य मी नोकरीभर इतकं घोकलं की पोरी माझी नक्कल करताना हेच म्हणायच्या. आज लिहायला बसले आहे ती या वाक्यापायी, कारण ते एकदा खोटं ठरलं.

ढब किती चिकट असते ते आधी सांगते. अभनपूरकडच्या एका शाळेची पोरं स्पर्धांना यायची. दणकट, शेतात राबलेली पोरं, पण सगळ्यांचा उजवा गुडघा फेकताना ताठ. त्यामुळे कमरेतला जोर तिथंच अडायचा. एकाला आजार असू शकतो, अख्ख्या शाळेला कसा असेल? शेवटी मी त्यांच्या मास्तरांना भेटायला गेले. मास्तर खुर्चीतून उठले आणि मला उत्तर मिळालं. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकतच नव्हता. ते बिचारे रोज ओरडून सांगत, "घुटना मोड़ो," आणि करून दाखवताना गुडघा ताठ. पोरांनी तोंडावर विश्वास ठेवला नाही, गुडघ्यावर ठेवला.

आमच्या शाळेत माझ्या आधीपासून साहू सर होते. थाळीफेक मला त्यांनीच शिकवायला शिकवली. बारीक अंगाचे, बोलणं छत्तीसगढी, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांची एक खोड होती. थाळीफेकीत मैदानाकडे पाठ करून उभं राहावं लागतं, मग गोल फिरून थाळी सोडायची. सर हात झुलवायचे, फिरायच्या आधी एकदम थांबायचे, समोर कुठंतरी बघायचे, हलकीच मान हलवायचे आणि मग फिरायचे. कुणी म्हणायचं मारुतीला नमस्कार करतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हवा देखथंव, मैडम." वारा बघतो. मला पटलं. त्यांची सगळी पोरं तशीच थांबून मान हलवायची, आणि पंचांना नाव न विचारता कळायचं की हा साहू सरांचा. मी माझ्या पोरींना मात्र ते करू दिलं नाही. वारा गवतावरून कळतो, आणि जोर भरल्यावर थांबलं तर तो विझतो. "सोडा आणि पुढं बघा, मागे बघू नका," हे माझं दुसरं घोकलेलं वाक्य. सर निवृत्त झाल्यावर लवकरच गेले. नवी राजधानी त्यांनी पाहिली नाही.

वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मग शेतांच्या पलीकडे आणखी एक नवं रायपूर बांधायला घेतलं. मी निवृत्त झाले तेव्हा तिथं कार्यालयं गेली होती, माणसं अजून यायची होती. इमारती तयार, खिडक्यांना पडदे नाहीत. बस स्टॉप तयार, बाकावर कोणी नाही. रस्ते इतके रुंद की पलीकडे जाताना म्हाताऱ्या माणसाला मध्येच दम लागावा. सिग्नल लाल व्हायचा आणि आमची बस एकटीच त्या चौकात उभी राहायची. डावीकडून कोणी येत नसे, उजवीकडून कोणी येत नसे. एकदा मी ड्रायव्हरला विचारलं, "भैया, किसके लिए रुके हो?"

"नियम है, दीदी," तो म्हणाला. मग तंबाखू मळत जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "और क्या पता."

मला तिकडे बोलावलं मनोजनं. मनोज साहू सरांचा शेवटच्या काळातला विद्यार्थी. नव्या शहरातल्या एका वसाहतीत तो मुलांचे खेळ घ्यायचा. तिथं त्यानं एक परदेशी खेळ सुरू केला होता, आम्ही त्याला चकतीचा खेळ म्हणायचो. प्लॅस्टिकची चकती असते, थाळीहून हलकी, कडेला पातळ. मोकळ्या जागेत दूर दूर लोखंडी खांब रोवायचे, प्रत्येकावर एक टोपली आणि टोपलीवर साखळ्या लोंबत्या. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी फेकीत जायचं आणि चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. साखळ्या खणखणल्या की समजायचं, लागली. रिकाम्या जागेची तिथं वाण नव्हती. वारा सुटला की कुणी न फेकताही साखळ्या वाजायच्या, आणि आसपास माणसाचा आवाजच नसल्यामुळे ते फार लांबून ऐकू यायचं.

मोठी माणसंही शिकायला यायची. एक निवृत्त इंजिनिअर साहेब होते, त्यांनी मोबाईलवर परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ बघून बघून ढब अशी घोटली होती की नाव ठेवायला जागा नाही. चकती मात्र त्यांच्याच गाडीला लागायची, आणि गाडी मागच्या बाजूला उभी असायची. कोपराचा कोन चुकतोय का, म्हणून ते मला विचारत. मी विचारलं, "साहेब, पत्ते खेळता?" रमीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं कळलं. मी त्यांना सतरंजीवर बसवून पत्ते वाटायला लावले. पत्ता मनगटातून कसा सुर्रकन निघून ज्याच्या त्याच्या पुढ्यात पडत होता. मग हातात चकती दिली आणि म्हटलं, हीही वाटा. ती गेली सरळ. साहेबांनी व्हिडिओ बघणं सोडलं असं नाही, पण गाडी वाचली.

मी पहिल्यांदा गेले त्या दुपारी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मनोजनं पोरांना एका रांगेत उभं केलं होतं. या खेळात खांबाकडे आडवं उभं राहतात, चकतीचा हात मागे नेतात आणि खेचून सोडतात. रांगेतल्या सगळ्यांनी हात मागे नेले. मग सगळी थांबली. सगळ्यांनी मान वळवून मागे बघितलं, हलकीच मान हलवली, आणि चकत्या सोडल्या.

साहू सरांना जाऊन काही वर्षं झाली होती आणि त्यांची मान इथं इतक्या कोवळ्या खांद्यांवर हलत होती. यातल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नव्हतं. मागे काय आहे म्हणून मी बघितलं. एक रिकामा प्लॉट, वाळलेलं गवत, आणि कोपऱ्यात बस स्टॉप. थाळीफेकीत मैदानाकडे पाठच असते, म्हणून सरांचं ते थांबणं मला कधी एवढं खटकलं नव्हतं. इथं मुद्दाम मान वळवावी लागत होती.

"मनोज, हे मान हलवणं तू शिकवलंस?"

"कौन सा?" तो म्हणाला. "मैं तो नहीं करता, मैडम." आणि मला दाखवायला म्हणून त्यानं चकती उचलली, हात मागे नेला, थांबला, मागे बघितलं, मान हलवली, आणि फेकली. "देखा? सीधा."



त्या पोरांत रेवती होती. वडील मंत्रालयात कारकून, घर मूळचं अमरावतीकडचं, मराठी सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत द्यायची, तिकडची सगळीच पोरं देतात तशी. नकला करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एखाद्याला दोनदा फेकताना बघितलं की तिसऱ्यांदा ती त्याच्यासारखी फेकायची. नुसतं कोपर आणि पाय नाही, त्याचा श्वास, त्याचं ओठ चावणं, सगळं. माझ्यासारखं खोकून दाखवायची तेव्हा माझी मलाच दया यायची. पोरं फर्माईश करायची, आता मनोज सर, आता इंजिनिअर साहेब, आणि ती करायची. साखळ्या खणखणायच्या. मनोजला वाटायचं पोरगी लाखात एक. मला आनंद व्हायचा आणि मग घरी जाताना बसमध्ये वाटायचं, सगळ्यांची फेक हिच्याकडे आहे, हिची कुठे आहे?

थंडी पडली आणि रेवती थांबली. म्हणजे अगदी शब्दशः. हात मागे न्यायची, मागे बघायची, आणि बघतच राहायची. मग हात खाली. पुन्हा तेच. मनोज समजावून थकला, रागावून थकला. इतर पोरांनी हसून बघितलं, मग हसायची बंद झाली.

एक दिवस तिची आई मला भेटायला मैदानावर आली. पदर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "मॅडम, काहून असं होऊन राहिलं तिले? घरात सगळ्यांच्या नकला करून हसवे. आता बोलतच नाही. जेवता जेवता मधातच थांबते अन् मागे पाहते. मले तर भेव लागते."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. तब्येत चांगली आहे म्हणतात. इथं ना शेजार ना पाजार, मॅडम. हे फेकणं एकच होतं तिचं. तेबी गेलं. हे म्हणतात, परीक्षा झाली की अमरावतीले मावशीकडे ठेवून देऊ. आता लेकरू दूर करून मी इथं कोणाशी बोलू?" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

मी रेवतीला घेऊन त्या बस स्टॉपच्या बाकावर बसले. तिला तिथं बसायचं नव्हतं, पण बसली.

"काहून थांबतेस गं तू?"

तिनं बाकाचा रंग नखानं खरवडला. मग म्हणाली, "वो खोलता नहीं, मैडम."

"कोण?"

"जो यहाँ खड़ा रहता है. उसके हाथ में कपड़ा है, डंडी पे लपेटा हुआ. वो खोलेगा, तब सिर हिलाना है, तब फेंकना है. पहले खोलता था. अब नहीं खोलता."

दुपारची वेळ होती, ऊन लख्ख होतं. तरी मी बाकावर सरकून बसले. "तुले दिसतो तो?"

"दिखता नहीं," रेवती म्हणाली. "हाथ को पता होता है."

माझंच वाक्य. मी तिला ते कधी सांगितलेलं नव्हतं, निदान त्या शब्दांत नाही. मला ते ऐकून अभिमान वाटायला हवा होता, आणि मला भीती वाटली.

मी माझ्या पोतडीतले सगळे उपाय काढले. धुणं वाळत घालताना ओला टॉवेल झटकतो, तसा तिच्या हातात टॉवेल देऊन झटकायला लावला. त्यानं मनगटाला सुटणं कळतं. टॉवेल ती छान झटकायची, चकती हातात आली की थांबायची. डोळे मिटून फेकायला सांगितलं. बघायचंच नाही म्हटल्यावर थांबणार कशाला, असा माझा हिशेब. तिनं डोळे मिटले, हात मागे नेला, आणि लगेच उघडले. "आँख बंद करती हूँ तो और पास आ जाता है," ती म्हणाली. तो उपाय मी पुन्हा केला नाही.

त्या आठवड्यात मी साहू सरांच्या बायकोकडे गेले. आम्ही दोघी गुढियारीतच राहायचो, पण सर गेल्यापासून माझं जाणं कमी झालं होतं. भाभी अंगणात वड्या वाळत घालत होत्या. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं की सर फेकायच्या आधी मान कुणाला हलवायचे.

भाभींचा हात वड्यांवरच थांबला. "तोला कोन बताइस?" तुला कुणी सांगितलं?

"कोणी नाही. पोरं करून राहिली."

मग त्यांनी सांगितलं. सर तरुण असताना गुढियारीत रेल्वे यार्डाला लागून एक मोकळी जागा होती, तिथं सराव करायचे. पाठीमागे जागा नव्हती, फेकायच्या गोलाला चिकटूनच रूळ. थाळी हातातून लवकर सुटली तर ती मागे जाते, हे मी सांगायला नको. रुळांवर माणसं चालायची, आणि मालगाडीचे सुटे डबे ढकलून सोडलेले असले की ते आवाज न करता येतात. गुढियारीतल्या पोरांना आई पहिल्यांदा हेच शिकवते, की इंजिनाचं ऐकू येतं, डब्याचं येत नाही. सरांचे मोठे भाऊ बिसाहू त्याच यार्डात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. सराव असला की ते गोल आणि रूळ यांच्यामध्ये उभे राहायचे. रूळ मोकळा आहे असं बघून काठीवर गुंडाळलेली हिरवी झेंडी उघडून धरायचे. सर मान हलवायचे आणि फेकायचे.

"हरियर झंडी," भाभी म्हणाल्या. "ओकर बिना फेंकबेच नइ करय." तिच्याशिवाय फेकायचेच नाहीत.

एके दिवशी थंडीतली धुक्याची सकाळ होती. बिसाहू भैयांनी झेंडी उघडली. सरांनी फेकली, आणि ती त्यांची आयुष्यातली सगळ्यात लांब फेक होती. कुठं पडली ते दाखवायला ते मागे वळले. "लहुट के देखिस, त भइया नइ रहिस," भाभी म्हणाल्या. वळून बघितलं तर भाऊ नव्हता. फेक बघायला तो मागे रुळांत सरकला असावा, आणि दुसऱ्या रुळावरून सुटा डबा आला होता.

"मनोजला माहीत आहे हे?"

"कोनो ल नइ बताइस. मोला घलो एके घाँव." कोणालाही सांगितलं नाही, मलासुद्धा एकदाच.

घरी येताना मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पोरीनं कधी स्टेशनवर झेंडीवाला बघितला असेल. नकलाकार पोर, काहीही मनात घेतं. पण मी तिला झेंडी म्हटलं नव्हतं, आणि तिनंही म्हटलं नव्हतं. तिला ते कापड वाटलं होतं, डंडीवर गुंडाळलेलं. सरांची ढब मनोजनं उचलली, मनोजची पोरांनी, इथपर्यंत मला कळत होतं. ताठ गुडघा उतरतो तशी मान उतरली. पण सरांच्या हाताला जे माहीत होतं, ती वाट बघणं, ते मनोजच्या अंगातून त्याला पत्ता न लागता पुढं गेलं, आणि इतक्या पोरांत एका रेवतीनं ते पुरतं उचललं होतं. बाकीची नुसती मान हलवत होती. ही खरोखर परवानगी मागत होती, आणि थंडी पडल्यापासून परवानगी देणारा कोणी नव्हता.

मी गोल बाजारात गेले आणि हिरवं कापड मागितलं. दुकानदारानं विचारलं, "ब्लाउज पीस? मैचिंग लाए हो, दीदी?" मी म्हटलं झेंडीसाठी हवंय. त्यानं चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कौन सी पार्टी? कुठलीच नाही, म्हटलं. मग त्यानं गठ्ठेच्या गठ्ठे काढले, पोपटी, शेवाळी, मोरपंखी. रेल्वेचा हिरवा मला त्यात ओळखू आला. शेजारच्या गल्लीतून मी काठी घेतली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर रेवतीला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. लहान पोरीला असं सांगावं का, यावर मी रात्रभर विचार केला होता. पण तिला निम्मं आधीच माहीत होतं, आणि निम्मं माहीत असण्याइतकं वाईट काही नसतं. मी तिला नाव सांगितलं. बिसाहू. ती ते नाव दोन-तीनदा पुटपुटली. मग मी जाऊन बस स्टॉपच्या बाजूला, गवतात, रिकाम्या प्लॉटकडे पाठ करून उभी राहिले. हातात काठी, काठीवर गुंडाळलेलं कापड. स्वतःचं हसूही येत होतं. पेन्शनर बाई, उन्हात झेंडी घेऊन.

रेवतीनं हात मागे नेला. माझ्याकडे बघितलं. मी कापड उघडून हात आडवा धरला. तिनं मान हलवली आणि फेकली.

साखळ्या खणखणल्या तेव्हा मनोज नाचला. रेवती गवतात बसून रडली, आणि तिच्या आईनं त्या संध्याकाळी मला पिशवीभर चिवडा आणून दिला.

पण धंद्यातल्या माणसाला कळतं की यात शिकवणं काही झालं नव्हतं. मी पोरीला कुबडी दिली होती. मी उभी राहिले की फेकायची, नसले की थांबायची. ताप येऊन मी घरी पडले तर चार दिवस तिची चकती हातातच. शिवाय तिथं उभं राहणं मला जड जायला लागलं होतं. पाठीमागे एवढा मोठा रिकामा प्लॉट, पलीकडे पडदे नसलेल्या खिडक्या, आणि वारा नसताना मध्येच एखाद्या खांबाची साखळी वाजायची. मी समोर बघत राहायची. पोरींना आयुष्यभर तेच तर सांगितलं होतं.

उपाय सुचला तो भाकरी थापताना. उजवा हात भाजला म्हणून डाव्यानं थापली, आणि भाकरी वेडीवाकडी झाली, पण नेहमीसारखी सासूच्या वळणाची नव्हती. उजव्या हाताची ढब मी सासूची उचलली होती. डाव्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं.

मी रेवतीच्या डाव्या हातात चकती दिली. तिला काही सुचेना. मैदानावर डावखुरं कोणी नव्हतं, नक्कल करणार कुणाची? पहिली चकती पायाशी पडली, दुसरी आभाळात गेली. ती चिडली, मग हसली, आणि किती दिवसांनी हसली ते मला आठवेना. पण ती थांबली नाही. डाव्या हाताला वाट बघायची माहीतच नव्हती. महिनाभर तिनं डाव्या हातानं वाईट फेकलं, मग कमी वाईट. तिची ती फेक दिसायला बेढब होती, कोपर बाहेर, पाय फाकलेले. कुणासारखीच नव्हती. मी मनोजला सांगितलं, हिला कुणी सुधारायला जाऊ नका.

पळस फुलला, परीक्षा जवळ आल्या. अमरावतीचं तिकीट काढायचं का, यावर घरात बोलणं चाललेलं. तिच्या वडिलांनी परीक्षेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढे नाही. एका दुपारी उन्हं उतरताना मी नेहमीच्या जागी झेंडी घेऊन उभी राहिले. वाऱ्याचा मागमूस नव्हता. रेवतीनं डाव्या हातानं काही चकत्या फेकल्या. मग चकती उजव्या हातात घेतली. मी कापड उघडून हात आडवा केला.

तिनं हात मागे नेला. थांबली नाही. माझ्याकडे बघितलं नाही. कोपर जरा बाहेर, पाय फाकलेले, तीच बेढब फेक, पण उजव्या हातानं. चकती लांब गेली, कडेनं वळली, आणि साखळ्या अशा वाजल्या की पलीकडच्या इमारतीवरून आवाज परत आला.

ती तशीच उभी होती, हात पुढं. मग माझ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. "मॅडम, कळलं. हाताला कळलं." आणि चकती आणायला पळत सुटली. ती अमरावतीला गेली नाही. अजून तिथंच आहे, बोलते, अती बोलते असं तिची आई म्हणते.

मी हात आडवा धरून तशीच उभी राहिले. कापड उघडं, आणि त्याच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. झेंडी धरणाऱ्या माणसाला असं वाटत असेल का, एवढं माझ्या मनात आलं. मोठ्या भावाला हेच तर हवं असणार, की धाकट्यानं एक दिवस आपल्याकडे न बघता फेकावं.

तेव्हा माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, काठीवर कापड गुंडाळल्याचा आवाज झाला. सावकाश, नीट, काम संपलेला माणूस गुंडाळतो तसा. माझ्या हातातलं कापड उघडंच होतं.

मी मान वळवली नाही. सोडली की मागे बघायचं नाही, हे मी एवढ्या पोरींना सांगितलं, ते त्या दिवशी मी स्वतः पाळलं. समोर बघत मैदान ओलांडलं आणि बसमध्ये चढले. चौकात सिग्नल लाल झाला, बस थांबली, आणि आमच्या समोरून त्या रुंद रस्त्यावर कोणीच गेलं नाही. ड्रायव्हर तंबाखू मळत होता. मी त्याला काही विचारलं नाही.